नावांच्या आधीचा थांबा

सर,

उद्या मी तुमच्याविरुद्ध बोलणार आहे, आणि तेही तुमच्याच स्मरणार्थ ठेवलेल्या व्याख्यानात. कॉलेजवाल्यांनी या वर्षी मला बोलावलंय, कारण तुमच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी भिवंडीत राहणारी आणि अजून खणखणीत आवाजात बोलू शकणारी मीच उरलेय. विषयही त्यांनीच ठरवून टाकला, तुमचा धवल्यावरचा लेख. बाहेरगावचे लोक ज्याच्यामुळे तुमचं नाव आजही घेतात, तोच. आमच्या आगरी गावांत लग्न लावते ती धवलारीण आणि ती जे गाऊन लग्न लावते तो धवला. या गाण्याची ताकद अशी की ते एकदा सुरू झालं की गाणारीची मर्जी चालत नाही, गाणंच तिच्या तोंडून हवं ते वदवून घेतं, असं तुम्ही लिहिलंत. पुरावा म्हणून एकच प्रसंग दिलात. त्या प्रसंगातली धवलारीण माझी आई होती आणि नवरी मी होते. सर, तो लेख चुकलाय. मला हे कळलं तेव्हा तुम्ही नव्हता, नाहीतर त्याच दिवशी रिक्षा करून तुमच्या दारात आले असते. आता हॉलभर लोकांना सांगण्याआधी तुम्हाला सांगते, कारण पाठीमागून बोललेलं तुम्हाला कधी खपलं नाही.

तुम्ही देशावरून आलेले. भिवंडीत तुम्हाला पहिली खोली मिळाली ती टेमघरला, लूमच्या कारखान्याच्या डोक्यावर. दिवसरात्र खालून खटखट. टेबलावरचा पेला थरथरत कडेला सरकायचा आणि तुम्ही बोलता बोलता तो परत मध्ये ओढायचात. आम्ही विचारायचो, सर, इथं झोप कशी लागते, तर म्हणायचात, झोप लागते, वीज गेली की जाग येते. त्या खोलीत मी तुम्हाला माझी पहिली टिपणं दाखवली होती. आईकडून ऐकलेलं सगळं मी छान शुद्ध करून आणलं होतं. तिच्या 'हलद'ची 'हळद' केली होती, 'न्हाय'चं 'नाही' केलं होतं, अक्षर वळणदार काढलं होतं. वाटलं, शाबासकी मिळणार. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि विचारलंत, "या बाई कुठल्या शाळेत शिकवतात?" मी म्हटलं, "सर, ही माझी आई आहे, ती शाळेत गेलेलीच नाही." "मग इथं तुझी आई कुठं आहे? हे तर मीच बोलतोय असं वाटतंय. मला माझं बोलणं ऐकायची हौस नाही. परत जा, परत ऐक, आणि कानावर पडेल ते लिही." असा राग आला होता मला. ज्या 'न्हाय'साठी शाळेत हातावर छड्या खाल्ल्या, ते मी एवढ्या कष्टानं जिभेवरून घालवलं होतं, आणि आता हे म्हणतात की परत आण. जिना उतरताना मी तुम्हाला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या, आगरीतच दिल्या. पण घरी जाऊन परत ऐकलं, परत लिहिलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत मी कुणाच्याही तोंडचा शब्द सुधारलेला नाही.

तुमचा तो टेपरेकॉर्डर, खांद्याला अडकवायच्या पट्ट्याचा. आमच्या गावी, दिघाशीला, वीज असली तर असली, म्हणून दर वेळी तुम्ही पदरचे सेल आणून द्यायचात आणि वर दम भरायचात, सेल संपले म्हणून बाईंना मध्येच थांबवलंस तर मला तोंड दाखवू नकोस. तो जड डबा उचलायला तुम्ही माझ्याच वर्गातला एक मुलगा दिलात. तेलुगू विणकराच्या घरचा, वडील लूमवर, हा स्वतःही रात्रपाळी करून सकाळी लेक्चरला यायचा आणि मागच्या बाकावर झोपायचा. तुम्हाला वाटलं, गरीब पोरगा आहे, गावाकडं गेला तर दोन घास घरचे खाईल. खाल्ले की. आईच्या स्वैंपाकघराच्या उंबऱ्यात तो टेप मांडीवर घेऊन बसायचा, आई चुलीवर भाकऱ्या टाकता टाकता बोलायची, आणि टेप बंद झाला की हा कोळंबीचं कालवण मागून मागून खायचा. सुरुवातीला तिच्याशी हिंदीत बोलायचा, मग मराठीत, आणि पुढं पुढं तर "माना न्हाय माहीत" असं तोंड भरून आगरी बोलायला लागला. आई पदर तोंडाला लावून हसायची. "याला ठेव गो हितंच, हा आपल्यातलाच हाय," म्हणायची. आम्ही दोघं एकमेकांच्या प्रेमात होतो हे कॉलेजच्या शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला तेवढं माहीत नव्हतं. तुम्ही खाली मान घालून कॅसेटवर गावांची नावं लिहीत असायचात.

आईचं एका बाबतीत मात्र ठाम होतं. हळदीची गाणी, जात्यावरची, थट्टेची, हवी तेवढी ती टेपवर म्हणायची, पण लग्न लावायचा धवला म्हणायची नाही. त्यात आधी गावदेवीला बोलावतात, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, मग मांडवाचं गाणं होतं, आणि शेवटी नवरीनवऱ्याची नावं घेतात, कोणाची लेक, कोणाचा लेक, कुठल्या गावचा. नावं घेतली की लग्न लागलं. माझे वडील मी लहान असतानाच गेले होते, तरी गावातली लग्नं आईच लावायची. नवरा गेलेल्या बाईनं धवला गायला आमच्या गावात कुणाची ना नसते, याचं तुम्हाला केवढं अप्रूप वाटलं होतं. तर अशा बाईला तुम्ही म्हणालात की लग्न नसताना गाऊन दाखवा. "मांडव न्हाय, नवरी न्हाय, मी कोनाचं लगीन लावू? देवीला उगाच उठवून बसवू?" असं तिनं तुम्हाला तोंडावर विचारलं. तुम्हीही हटायला तयार नव्हता. मुंबईपुण्याचे अभ्यासक येणार होते, आपल्या कॉलेजच्या हॉलमध्ये परिषद होती, आणि त्यात धवला नसेल तर परिषद कशाला भरवायची, असं तुमचं म्हणणं. आमच्या ओटीवर बसून बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं की स्टेजवर छोटा मांडव घालायचा, दोन विद्यार्थी नवरानवरी म्हणून पाटावर बसवायचे, आणि नावांची जागा आली की आईनं "अमकी अमक्याची लेक, अमका तमक्याचा लेक" असं म्हणून पुढं जायचं. म्हणजे देवीलाही कळेल की हे खरं नाही. नवरी म्हणून मी आणि नवरा म्हणून तो टेपवाला मुलगा, ही निवड तुमची होती असं तुमच्या लेखात आहे. दोघेही सरावाचे असल्याने सोयीचे, असे तुमचे शब्द आहेत.

तुम्हाला मी त्या वेळी एक गोष्ट बोलले नव्हते. घरात शब्द चालायचा तो मोठ्या काकाचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा. काका वाईट माणूस नव्हता, पण त्यानं माझ्यासाठी एक स्थळ पक्कं करत आणलं होतं. खाडीत रेतीच्या होड्या असलेलं घर, दारात जीप. त्यांचं म्हणणं एकच, पोरीनं पुढं शिकायचं नाही, आणि टेप घेऊन गावोगाव हिंडायचं तर मुळीच नाही. आईला काकानं विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. ती पदर सावरून गप्प बसून राहिली. मी घरात आदळआपट केली, जेवण सोडलं. "जेव गो," आई म्हणाली, "उपाशी पोटी भांडता येत न्हाय." पण ती स्वतः काही भांडली नाही, आणि मला तिचा भयंकर राग आला. परिषदेच्या पुढच्याच आठवड्यात सुपारी फुटायची होती. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तडक काकाला चार व्याख्यानं द्यायला गेला असता आणि होतं तेही बिघडलं असतं. म्हणून मी गप्प बसले आणि मनात म्हटलं, चला, निदान खोटंखोटं तरी त्याच्या शेजारी पाटावर बसून घेऊ.

परिषदेची दुपार. हॉलमधले पंखे किरकिरतायत. काका स्वतःच्या टेम्पोतून गावातल्या बायकांना घेऊन आलाय, कारण भावजय कॉलेजात गाणार म्हणून त्याची छाती फुगलीय, आणि पहिल्या रांगेत बसलाय. मागून सूर धरणाऱ्या बायका स्टेजवर चटईवर बसल्यायत. मी आईच्या पेटीतलं जुनं हिरवं लुगडं नेसलेय. शेजारी तो, डोक्याला बाशिंग, रात्रपाळीनं डोळे लालभडक. तुम्ही खाली फरशीवर मांडी घालून टेपची बटणं दाबताय. आई सुरू करते. गावदेवी येते, माझे वडील येतात, आजी येते, मांडव उभा राहतो. पुण्याचे पाहुणे लिहायचं सोडून नुसते बघत राहतात. मग नावांची जागा येते आणि आई थांबते. मागच्या बायकांना वाटतं ती विसरली, त्या एकमेकींकडं बघतात. थांबणं लांबत जातं. तुम्ही मान वर करता. आणि मग आई गाते. माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, दिघाशी. त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आणि तिकडं लांब तेलुगू मुलखातलं त्यांचं मूळ गाव, जे मलाही धड म्हणता येत नव्हतं. एकही 'अमका' नाही. बायकांच्या तोंडून "आय गो" निघतं, ते टेपवर स्वच्छ ऐकू येतं. पण सूर धरणारीला मध्येच सूर टाकता येत नाही, त्या नावं तशीच उचलतात आणि धवला शेवटापर्यंत जातो. पाहुणे टाळ्या वाजवतात. पहिल्या रांगेत काका उठून उभा राहिलेला असतो.

टेम्पो दिघाशीला पोचला. अंगणात पाय ठेवल्यावर काकाचा तोल गेला. "काय केलंस गो हे? सगला खेल होता ना? उद्या मी रेतीवाल्यांना काय तोंड दाखवू?" आईनं पायावर पाणी घेतलं, सावकाश. "खेल होता तर होता. पन नावं माज्या तोंडातून गेली." "मंग गावाला सांग, चुकून गेली, लगीन न्हाय झालं." "चुकून गेली असं सांगते. लगीन न्हाय झालं असं न्हाय सांगनार." काकानं आवाज चढवला, तशी ती वळून त्याच्यासमोर उभी राहिली. माझ्या आठवणीत ती त्याच्यासमोर अशी पहिल्यांदाच उभी राहिली. "भावजी, तुमच्या पोरांची लग्नं याच तोंडानं लावलीत मी. या तोंडातला धवला आज खोटा, तर तवा पन खोटा. बोलवा सुनांना, त्यांच्यापुढं सांगते." सुना दारातच होत्या, एकीच्या कडेवर तान्हं मूल. कुंपणापाशी गाव जमलं होतं, आणि त्यातल्या निम्म्यांची लग्नं आईनं लावलेली. कुणाची पुढं व्हायची छाती झाली नाही. काका ओटीवर डोक्याला हात लावून बसला आणि म्हणाला, "त्या पोराला बोलवा. त्याचा बापूस काय बोलतोय बगू."

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात ते चेहरा पाडून. "ताई, चूक माझी आहे. मी गावाला समजावून सांगतो, ते नुसतं प्रात्यक्षिक होतं." आईनं तुम्हाला पाटावर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला. "सर, चाय घ्या आदी. तुमी कशाला जिवाला लावून घेताव? बसली ती पाटावर बसली, आता कोन उठवतो त्यांना?" तुम्ही चहा संपवलात, पण वर बघितलं नाहीत. पुढं त्याच्या घरी थोडी रडारड झाली. सासूबाई तेलुगूत काय काय बोलल्या, मला काही कळत नव्हतं आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं. मग त्यांच्या रिवाजानं पुन्हा एकदा अक्षता पडल्या. तुम्ही आहेर म्हणून तो टेपरेकॉर्डरच आणलात, लाल कागदात बांधून, आत नवे सेल घालून. म्हणालात, "मला आता हा हातात धरवत नाही. तू चालव." मी वाकले तर तुम्ही पाय मागे घेतलेत.

मग तुमचा लेख आला आणि गाजला. त्यातली दोन पानं फक्त त्या थांब्यावर आहेत. नावांच्या आधी ती बाई थांबते, त्या थांब्यात तिची इच्छा आणि परंपरेची इच्छा यांची झुंज होते, आणि परंपरा जिंकते, असं तुम्ही लिहिलंत. मराठी काय सुंदर आहे त्या पानांतलं, अजूनही वाचताना जीव गलबलतो. लेखानं तुम्हाला नाव दिलं, पण तुमच्या डोक्यातलं काही गेलं नाही. भेट झाली की विचारायचात, "सुखी आहेस ना?" असा सूर, की मी एखाद्या अपघातातून वाचलेय. मी म्हणायचे, हो सर, अगदी. तुमचा विश्वास बसायचा नाही. शेवटी आजारपणातसुद्धा तेच विचारलंत.

आता थोडं माझं. मी चांगलं काम केलंय, सर, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. नुसत्या कॅसेटी भरून कपाटात ठेवल्या नाहीत. गावागावांतल्या धवलारणींना एकत्र बसवलं, त्यांच्या मागं तरण्या सुनांना सूर धरायला बसवलं. कॅसेटला मूल होत नाही, सुनेला होतं, असं मी विद्यापीठातल्या बैठकीत सांगितलं तेव्हा लोक हसले, पण पुढं तसंच काम सुरू झालं. आमच्याकडची शेतं गेली, तिथं गोडाऊनं उठली, लग्नं अंगणातून मोठमोठ्या हॉलांत गेली. मध्यंतरी तर नवश्रीमंत मंडळींना धवलारीण दारात आली की लाज वाटायची. मी जाऊन जाऊन भांडले. काकाच्या नातवाच्या हळदीला डीजेवाल्याला मी स्वतः बंद करायला लावलं, म्हटलं, बाळा, तुझं दणदण सगळी रात्र आहे, या बाईचं काम तासाभराचं आहे. आता धवलारणीसाठी वेगळा माईक लावतात, आणि नवरी लग्न ठरल्यावर आधी विचारते की धवला कोण लावणार. गेल्या वर्षी सांस्कृतिक वारशाच्या यादीसाठी सरकारी मंडळी आली. त्यांना पाच मिनिटांचं चित्रीकरण हवं होतं, दोन पोरं सजवून बसवा म्हणाले. मी म्हटलं, साहेब, आम्ही खोटं लग्न लावत नाही, एकदा लावलं होतं ते अजून टिकून आहे. त्यांना काही कळलं नाही. शेवटी त्यांना दिघाशीतल्या खऱ्या लग्नाला यावं लागलं, आणि बायकांनी त्यांच्या पांढऱ्या शर्टांना हळद फासूनच त्यांना सोडलं.

आई तुमच्यानंतर बऱ्याच वर्षांनी गेली. शेवटच्या वर्षी माझ्याकडं टेमघरला होती. एका दुपारी स्वैंपाकघरात ती खाली बसून कोळंबी सोलत होती आणि मी ओट्याशी उभी राहून दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत होते, तुमचाच लेख हातात. तिनं विचारलं, "सरांनी माज्यावर एवढं काय लिवलंय गो? वाच ना." इतक्या वर्षांत तिनं तो कधी ऐकला नव्हता आणि मलाही ते सुचलं नव्हतं. मी वाचत गेले, अवघड असेल ते आगरीत सांगत गेले. ती मान डोलवत होती. थांब्यापाशी आले, झुंज झाली, परंपरा जिंकली, आणि आई हसायला लागली. हातातली कोळंबी ताटलीत टाकून हसायला लागली.

"मी थांबले ती कशाला, ठाव हाय तुला? तुजा काका पान खायला भायेर गेलेला. तो आत येऊन बसंपर्यंत थांबले. त्यानं कानानं ऐकायला नको? नायतर बोलला असता, मी कुटं होतो."

माझ्या हातून लेख खाली पडला. "म्हणजे तू ठरवून?"

"मंग? चुकून भाकर करपते गो. पोरीचं लगीन कोनी चुकून लावतं का?"

मग एकेक बाहेर पडायला लागलं. आम्हा दोघांना पाटावर बसवा असं तुम्हाला ओटीवर तीच बोलली होती. "सर घरी पोचंपर्यंत त्यांना वाटलं त्यांनाच सुचलं. वाटू दे." त्याच्या गावाचं नाव ती कित्येक महिने त्याच्याकडून म्हणवून घेत होती, भाकऱ्या थापता थापता घोकत होती, कारण जीभ वळत नव्हती. मी विचारलं, सरांना का नाही सांगितलंस, ते आयुष्यभर स्वतःला दोष देत राहिले. ती परत कोळंबीकडं वळली. "सांगनार होते. पन ते सरल मानूस, त्यांच्या पोटात काय राह्यलं असतं? चार लोकांत बोलले असते, आनि काका उटला असता. मंग तू लांब कामाला लागलीस, ते मोठे झाले, राहून गेलं." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "वाईट वाटतं त्यांचं." तिचे डोळे भरून आले होते, सर. तुमच्यासाठी आले होते.

त्याच संध्याकाळी आम्ही नवराबायकोनं ती टेप लावली. शेकडो वेळा ऐकलेली, विद्यार्थ्यांना ऐकवलेली. थांबा आला. आता काय ऐकायचं ते माहीत होतं म्हणून ऐकू आलं. दार करकरतं, चपला वाजत पुढं येतात, खुर्ची कुरकुरते, काका खाकरतो, आणि मग लगेच आईचा आवाज. तुमच्या दोन पानांत ते दार नाही. नवरा हसून हसून लाल झाला. "मला गावाचं नाव सारखं विचारायची, मला वाटलं म्हातारीला फिरायला जायचंय." हसणं थांबल्यावर मात्र मला राग आला, तुमचा आणि माझाही. जीभ घसरली असती तर ती घसरत घसरत नेमकी त्या लांबच्या गावात कशी जाऊन पोचली असती? हा प्रश्न आपल्या दोघांपैकी कुणालाच पडला नाही. जे कानावर पडेल तेच लिही म्हणणारे तुम्ही, आणि त्या थांब्यात जे वाजत होतं ते सोडून जे तिथं नव्हतं ते तुम्ही लिहिलंत. परंपरा माणसाच्या तोंडून बोलत नसते, सर. माझ्या आईकडं भाऊबंदांत शब्द नव्हता, हातात पैसा नव्हता, एक धवला होता. तो तिनं डोकं शांत ठेवून वापरला आणि तिच्या लेकीचं आयुष्य रेतीवाल्यांच्या दारातून काढून आणलं. माझं सगळं काम हॉलमधल्या त्या एका दुपारवर उभं आहे, आणि ते मी उद्या कुणाच्या भिडेला न पडता सांगणार आहे.

भीड नव्हती असं नाही. तुमची मुलगी पहिल्या रांगेत बसणार आहे, तिच्या वडिलांचं नाव या लेखावर उभं आहे. म्हणून मी गेल्या आठवड्यात तिलाच फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा हसले असते हो, आधी चिडले असते आणि मग हसले असते." दिघाशीला आईच्या मागं आता लग्नं लावते ती तिचीच चेली, तिलाही विचारलं, की हे उघड केलं तर धवल्याची पत जाईल का. ती भांडी विसळत होती, मान वर न करता म्हणाली, "सांग ना. आमच्या सुनांना कलू दे, या गान्यात काय काय करता येतंय." ती उद्या टेम्पो भरून बायका घेऊन येतेय. मी टेप लावणार, दार करकरलं की थांबवणार, आणि लोकांना सांगणार की आत कोण आलं. तुमची दोन पानंही वाचून दाखवणार, पूर्ण, कारण चुकीचं इतकं मनापासून आणि इतकं देखणं लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून एवढं बिनधास्त लिहिलं. आणि एक गोष्ट मी उद्या हॉलमध्येही सांगणार नाही, ती फक्त इथं. लेखाच्या अगदी शेवटी तुम्ही लिहिलंत की नावं उच्चारली गेली तेव्हा वधूनं मान खाली घातली आणि तिचे खांदे भीतीनं थरथरत होते. ते खांदे तुमच्या डोळ्यांपुढून कधी हलले नाहीत, म्हणूनच तुम्ही पुनःपुन्हा विचारायचात, सुखी आहेस ना. मला तेव्हाच सांगता आलं असतं, पण गुरूपुढं असलं काही बोलायची लाज वाटायची. सर, मी हसू दाबत होते.